शकुबाईचं पोतं

चोपन्न साली गडचिरोलीत आरमोरीच्या मोटारीच्या रांगेत माझ्यापुढं दोन बाया उभ्या होत्या. थोरलीजवळ पळसावरच्या लाखेचं पोतं होतं.

“शकुबाई, ऐकलं का? लाखेचा भाव चौपट झाला!”

“म्हनून तं मांगच्या सालची इकाले चालली, इतवारी!”

“मांगच्या साली भाव पडला, तं आमी समद्यायनं घाबरून इकली. तुमाले भेव नाई वाटलं?”

“मले ठावंच नोतं. पाय मोडून खाटेवर पडली होती.”

“मी आता लाख घ्याले चालली. चांदीच्या पाटल्या इकल्या!”

“या भावात? काऊन?”

“भाव वाढूनच राह्यला ना! बाई, आरमोरीले कायले जाता? पोतं मलेच द्या!”

“कोनालेही इकीन, इतवारी. तुले नाई.”