मदराहिमचे बारा तास

...आणि वर मलाच विचारतात, "बिकाजानबाई, गरिबाच्या पोटावर पाय देताना काही वाटलं नाही?" पाय? मी? तुम्हाला सांगते, मी नुसतं गणित घातलं होतं हो!

म्हणजे झालं काय, नववीचा वर्ग, वर्गसमीकरणं, बाहेर आमच्या खिवा शहराचं ते ऊन, 'एक गवंडी, दुसरा गवंडी' म्हटलं की पोरं पेंगतात... खिडकीतून बघते तर समोरच्या भिंतीला एर्गश आणि मदराहिम गिलावा करतायत. घातली त्यांचीच नावं! दोघं मिळून भिंत चार तासांत लिंपतात, एकट्या मदराहिमला एर्गशपेक्षा सहा तास जास्त लागतात, तर प्रत्येकाला किती? पोरं ताडकन जागी! समीकरण सोडवलं, एर्गशचे आले सहा किंवा उणे चार. उणे चार सोडून द्या, मी तिथल्या तिथं सांगितलं, पण मदराहिमचे बारा कोण सोडतंय? संध्याकाळपर्यंत चहाखान्यात, नानच्या भट्टीपाशी, जिकडेतिकडे "बारा तासवाला आला रे!" लग्नसराई तोंडावर, घरोघरी भिंती लिंपायच्यात, आणि सगळे एर्गशच्या दारात!

मग मदराहिमची बायको आली, याकूत. "बाई, आमच्या ह्यांना बारा तास लागतात हे मोजलंत कधी?"

"अगं, मनचे आकडे ते!"

"मग उत्तर कसं बरोबर आलं?"

दुसऱ्या दिवशी फळ्यावर नावं उलटी केली, मदराहिम सहा, एर्गश बारा, तर पोरं ओरडली, "बाई, खोटं! काल सिद्ध झालंय!" अरे, मी नुसतं गणित घातलं होतं...

शेवटी घरची चांगली धडधाकट भिंत नवऱ्याकडून खरवडून घेतली. "गणित तू घालायचं आणि भिंत मी सोलायची?" म्हटलं, सोला! आणि बोलावलं मदराहिमला. आला बिचारा सकाळी, एक शब्द नाही रागाचा, हात असा सपासप... जेवणाआधी भिंत चकचकीत! मला तर रडूच आलं. म्हटलं, "मदराहिम अका, भाऊ माझ्या, थांबा, सगळ्या मोहल्ल्याला बोलावते, बघू देत डोळ्यांनी!"

तर हा घाबराघुबरा, "नको नको बाई! पोरांसमोर तुमचं गणित चुकायला नको."

बसलाय तिकडे तुतीखाली, बारा तास भरल्याशिवाय घरी जायला तयार नाही... आणि मी आपली चहा ओततेय.