देव्हाऱ्यातली कादंबरी

हसू नका, पण एका कादंबरीच्या नायकापायी आमच्या मायनं माझी झोप उडवली होती. मी नांदेडला एम.ए. करत होतो, आणि अभ्यासाची एक जुनी, गाजलेली कादंबरी मुखेडला घरी विसरलो होतो. एका सकाळी मायचा फोन आला. आवाज रडवेला.

"पोरगं दोन दिस झाले जेवलं न्हाई रे."

"कोण? धाकटा का?" मी घाईनं विचारलं.

"न्हाई रे, तुझ्या पुस्तकातलं. भांडून घर सोडलंय त्यानं. मायबापाला पत्ताच न्हाई."

मग रोज फोन. आज त्याला ताप आलाय, आज त्याची नोकरी गेली. आणि फोन ठेवताना हमखास, "तू तर जेवतूस ना बाबा?"

शेवटी मीच एसटी धरून घरी गेलो. पुस्तक देव्हाऱ्यात, पोथीशेजारी! माय रोज आंघोळ करून त्याचा एक अध्याय वाचायची. आता शेवटचा एकच उरला होता.

"खरं सांग," ती म्हणाली, "जगतं का ते?"

मला शेवट पाठ होता. पण तिच्या तोंडाकडं बघून बोलवंना.

तिला काय समजायचं ते समजलं. तिनं पुस्तक मिटलं आणि पोथीच्या लाल फडक्यात गुंडाळून टाकलं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो, "माय, धरलेली पोथी अर्धी सोडली तर पाप लागतं, तूच म्हणतीस."

"लागू दे मला," ती म्हणाली. "इथवर तर जितं हाय ना लेकरू."