आईंच्या हातचे पाव

अहो आई, मान अशी पाडून काय बसलात? – इकडे बघा. खास तुमच्यासाठी चाकांची खुर्ची ओढून आणलीय ओट्याशी. जन्मभर सुनेला या ओट्यापाशी टिकू दिलं नाहीत, आता बसा समोर आणि बघा. भोपळ्याचे पाव! तुमच्या दोन्ही लेकी जेवायला येतायत, नवऱ्यांसकट – आणि दर खेपेसारखं "आईच्या हाताची सर कुणाला नाही हो" हे आज मी ऐकून घेणार नाहीये. नाहीच. आज त्यांनी पाव तोडायचा आणि माझं नाव घ्यायचं. तुमची वाचा गेली ना, तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? – नको, जाऊ दे. सांगतेच. वाटलं, बाई गेली असती तरी चाललं असतं, पण पावाची कृती सांगून जायला हवी होती. हसताय? – छे, हसताय कुठे, तोंडच वाकडं झालंय ते.

तशी मला येते म्हणा सगळी कृती. चोरून बघितलीय. भोपळा सालीसकट भाजायचा, गर काढून घोटायचा – इथवर मी तुम्हाला चालायचे. मग तुम्हाला नेमके गच्चीवरचे कपडे आठवायचे. "जा गं, काढून आण, आणि घड्या घालूनच आण." घड्या घालून! मी खाली येईस्तोवर पीठ ओल्या फडक्याखाली झाकलेलं. कसलं एवढं सोनं होतं हो त्यात? पोटच्या पोरींनाही सांगितलं नाहीत. पण मी काही दूधखुळी नाही – मधे राहतं काय? यीस्ट, मैदा, लोणी, मीठ. झालं! हे बघा, कोमट दुधात यीस्ट कसं फसफसलंय. आणि हा भोपळ्याचा गर, आत्ताच ओव्हनमधून काढून घोटलाय, बोट लाववत नाही – हा ओततेय त्यात –

काय? काय टकटक लावलीय चमच्याने? पाणी? मिळेल, हात भरलेत माझे. – हं, प्या. – पुन्हा? अहो, आत्ताच तर पाजलं! डोळे कसले वटारताय? त्या डोळ्यांना भ्यायचे दिवस गेले. आणा तो चमचा इकडे. आणा म्हणते ना! – हं. फळीवर ठेवते, आता वाजवा काय वाजवायचं ते. बघवत नाही ना, माझे हात तुमच्या परातीत? मळतेय बघा – रंग हुबेहूब तुमच्यासारखा. आणि तुम्हाला यातला घासही मिळायचा नाही, डॉक्टरांनी पातळच द्यायला सांगितलंय. वास घ्या. वासाला मनाई नाही.

– झोपलात? उठा, बराच वेळ झाला. तुमच्यादेखत फडकं काढते, म्हणजे –

हे काय? असं कसं? जराही फुगलं नाही. बोट दाबलं तर खड्डा तसाच – चिखल नुसता. यीस्ट तर चांगलं फसफसलं होतं, मग... भोपळा. कढत गर ओतला मी. मेलं ते यीस्ट, पोळून मेलं. म्हणजे मी गच्चीवर घड्या घालत बसायचे तेव्हा तुम्ही... गर गार करत ठेवायचात? एवढंच? एवढ्यासाठी मला पिटाळायचात? – आणि मघाची ती टकटक... त्यासाठी होती? मला थांबवत होतात?

रडू नका. रडू नका म्हणते ना, चालत नाही मला ते! दुसरं पीठ भिजवायला आता वेळ नाही. भाजणार मी हे असेच, दगड तर दगड. आणि तुमच्या लेकींना सांगणार – आईंनीच हौसेने समोर बसून, खुणा करून करवून घेतले. मी नको नको म्हणत होते, पण त्यांचा हट्ट. आता डोकं चालत नाही हो त्यांचं पूर्वीसारखं. मग चघळू देत आईच्या हातचे पाव. अशा काय बघताय? खोटं आहे? मग सांगा की त्यांना. गाडी लागली बघा दारात. – बोला.