थोरलं पाव्हणं आणि दोन टक्के

आन् आमाला इचारलं कुणी?... न्हाई, तुमीच सांगा, इचारलं का? पन्नास हजार वर्षांमागं एवढी मोठी सोयरीक झाली, कुठल्या गारठ्याच्या मुलखात झाली, पान न्हाई, सुपारी न्हाई, भावकीला सांगावा न्हाई, आन् मला कळती कवा? तर आता, तोंडातलं दात पडल्यावर! आन् सांगतंय कोण? माझी नात!

ही उत्कर्षा. पुण्यात जुन्या हाडांचं शिकती. आता आमी आटपाडीकडची मेंढरं राखणारी माणसं, हाडं काय घरात कमी हुती? रस्सा झाल्यावर ताटात बघायची! त्यासाठी पुणं कशाला?... तर ही सुट्टीला आली, आन् चहात बटर बुडवता बुडवता म्हणती, "आबा, मला राजरत्नशी लगीन करायचंय."

माझा बटर पडला की कपात!

राजरत्न म्हंजे उंब्रजचा, बौद्ध घरातला, पुलांच्या कामावर इंजिनेर. पोरगं चांगलं हाय, न्हाई कशाला म्हणू? मागं तिच्यासंगं घरी आला तवा मी त्याच्या चहात मीठ टाकलं, तर त्यानं हसत हसत कप बदलून मलाच पाजला. असा जावई दिवा घिऊन हुडकला तर घावायचा न्हाई... पर भावकी! भावकीचा थोरला मी. मी व्हय म्हणल्याबिगर आमच्यात सोयरीक ठरत न्हाई. म्हणून मी म्हणलं, "न्हाई!" का म्हंजे? थोरल्यानं पहिल्यांदा न्हाईच म्हणायचं असतं! येकदम व्हय म्हणला तर थोरला कशाचा?

बसली बैठक. घोंगडं हातरलं, मधी बिरोबाचा भंडारा ठेवला. हा पिवळा भंडारा उचलून आमच्यात कुणी खोटं बोलत न्हाई. त्याच्यावर तर मी आख्खं गाव छळलंय! कुणी लय फुशारकी मारली की मी हळूच म्हणायचं, "उचल की गड्या भंडारा." गडी लागला चपला हुडकायला. बायकूला भीत न्हाई म्हणणारं कितीतरी वाघ मी तिथं शेळी केल्यात.

तर माझा चुलत पुतण्या लालासाहेब उठला. भुवया अशा, की पावसाचं पाणी डोळ्यात उतरायचं न्हाई. छाती काढून म्हणतो, "आपल्या घराण्यात आजवर भायेरचं रगत आलेलं न्हाई!"

उत्कर्षा हसली. "आलंय की काका. आपली माणसं आफ्रिकेतनं भायेर पडली, तवा वाटेत येगळ्याच जातीची माणसं भेटली. निअँडरथल. बुटकी, दणकट, भुवयांची हाडं फुडं आलेली, थंडीला सरावलेली. दोघांची लेकरं झाली. त्यांचं साधारण दोन टक्के आपल्यात अजून हाय."

"आपल्यात म्हंजे कुणात?"

"तुमच्यात. आबांच्यात. राजरत्नच्यात. ह्या घोंगड्यावरच्या समद्यांच्यात."

ते नाव काय माझ्या तोंडात बसंना. मी आपलं त्यांना 'थोरलं पाव्हणं' म्हणतो. पर टाळकं असं फिरलं म्हणताय!... अवो, आमी पोरगी बघायला गेलो तर मामा कोण, देवक कंचं, आत्या कुठं दिली, समदं इचारून मग पवं खातो! आन् हितं माझ्या आजीच्या आजीच्या कुठल्या तरी आजीनं गुहेत संसार मांडला, आन् पाव्हण्याचं गाव सुदीक ठावं न्हाई! आमाला इचारलं कुणी?

मी म्हणलं, "तरीच लालासाहेबाच्या भुवया! ह्यात धा टक्के असणार!"

"आबा, तसं बघून कळत न्हाई."

घ्या! चेष्टेतबी अभ्यास काढती!

लालासाहेब तापला. "पोरी, आसली सरमिसळ आपल्याला चालत न्हाई!"

"मग काका, गेल्या साली भायेरनं, माडग्याळचा एडका आणलासा, कळप कसा सुधारला म्हणून गावभर सांगत हुतासा, त्यो?"

"अगं त्यो एडका हाय!"

"तेच म्हणते. मेंढरांना कळलं."

मागं बायकांच्यात फिस्सदिशी हसू फुटलं. मला वाटलं, आता आपला जुना डाव टाकावा. पुण्याचं पुस्तकी ज्ञान, भंडाऱ्याफुडं किती टिकतंय बघू! म्हणलं, "खरं हाय ना? मग उचल भंडारा!"

आन् पोरीनं उचलला की! चिमूट घेतली, कपाळाला लावली. "बिरोबाच्यान खरं हाय. आता आबा, तुमी उचला. आन् म्हणा, आपल्या रगतात भायेरचं कुणी न्हाई."

तुमाला सांगतो... माझा हात मांडीवरनं हलंना. लालासाहेबाकडं बघितलं, त्यो आढ्याकडं बघतोय. भावकीतल्या तानाजीला तेवढ्यात फोन आला, वाजला न्हाई तरी आला! समदी भावकी अशी बसली जणू घोंगड्यालाच शिवलीया. जनमभर दुसऱ्याला पेचात धरलं, आन् मला कुणी धरलं? माझ्याच नातीनं! लय राग आला... आन् खरं सांगू? मिशीत हसूबी आलं. पोरीत रगत कुणाचं हाय?

म्हणलं, "जा, व्हय म्हणलो!"

आता येवढा मोठा थोरला, येवढं मोठं मन केलं, म्हणल्यावर नवा फेटा बांधला आन् गेलो उंब्रजला. वाटलं, गेल्या गेल्या साखर वाटतील. दारात राजरत्नची आजी, आक्काताई, शेंगा फोडत बसलेली. म्हणलं, "बाई, तुमाला आनंदाची गोष्ट सांगतो. आमी व्हय म्हणलो!"

तिनं एक शेंग फोडली. दाणा तोंडात टाकला. चावला. मग चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं.

"तुमी व्हय म्हणलासा, बरं झालं. पर पाव्हणं... आमाला इचारलं कुणी?"

माझंच वाक्य, माझ्याच तोंडावर!

"तुमच्यात त्या गुहेतल्या माणसांचं किती हाय म्हणं?"

"दोन टक्के."

"आमच्यातबी दोनच, नातू सांगत हुता. तवा ताठ बसायचं कारण न्हाई, बसा निवांत. आमची माणसं बसतील, बोलतील, इचार करून सांगतो."

तवापासनं बसलोय. चहा तिसऱ्यांदा आलाय, मीठ न्हाई त्यात, शेंगाबी फोडू लागलोय... आता आमच्या थोरल्या पाव्हण्यांगत पन्नास हजार वर्षं नगं लागायला, म्हंजे मिळवली!