मागचा नांगर माझ्या हातात होता

माझा जन्म ठाण्याचा, नोकरी ठाकुर्लीला, घर डोंबिवलीत. मधली दुसऱ्या महायुद्धाची तीन वर्षं सोडली तर या टापूबाहेर मी फारसा गेलेलो नाही. वडील कचेरीत कारकून, मी मॅट्रिक. नौदलात गेलो ते देशासाठी, असं मी पुढे इमारतीतल्या पोरांना दर पंधरा ऑगस्टला सांगत आलो. खोटं. मला तो पांढरा गणवेश हवा होता. तुम्ही हेच लिहा.

पास्कूही ठाण्याचाच, खाडीकाठचा ख्रिस्ती कोळी. आम्ही दोघं एकाच बोटीवर. पायदळाला शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवायची बोट, सपाट तळाची, नाक सरळ चिखलात घुसवायची. पण काय सांगू तुम्हाला, घुसणं सोपं, निघणं अवघड. म्हणून किनारा लांब असतानाच मागचा नांगर टाकायचा, सैनिक उतरले की त्याचीच तार विंचच्या रहाटावर गुंडाळत बोट मागे ओढून घ्यायची. नांगर उशिरा टाकला तर तार आखूड पडते, नांगर धरत नाही, आणि ओहोटी लागली की बोट तिथेच बसते. आम्हाला हे महिनाभर शिकवलं, पास्कूला शिकवावं लागलं नाही. तो बोटीच्या नाकावर उभा राहून बांबूने पाणी मोजायचा आणि नांगर टाकायची हाक द्यायचा. विंचवर मी, नांगर माझ्या हातात.

ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर ती सकाळ. गोळ्या सुरू झाल्या आणि पास्कूने हाक दिली, टाक. मी ऐकली. मी विंचमागे डोकं हातात धरून पालथा पडलेलो, विजार ओली झालेली. तो पुन्हा ओरडला, पुन्हा ओरडला. मी उठलो तेव्हा नाक चिखलात गेलेलं. मग टाकला. सैनिक उतरले, मी तार ओढली, नांगर नुसता घसरत आला. पाणी गेलं. भरती येईपर्यंत आम्ही तिथे बसलो आणि आमची दोन माणसं मेली. एक आमचा स्वयंपाकी होता, सकाळी त्याने मला चहा दिलेला.

पुढे चौकशी झाली. साहेब गोरा. पास्कूला इंग्रजी येत नव्हतं, हिंदुस्थानीही तोडकी. म्हणून दुभाषा म्हणून मलाच उभा केला, मॅट्रिक ना मी. पास्कू म्हणाला, नांगर उशिरा परला, मी हाक मारली, पन यानी आयकलीच नाय, गोळ्यांचा आवाज व्हता. बघा, त्यातही त्याने मला सांभाळून घेतलेलं. मी साहेबाला इंग्रजीत सांगितलं, तो म्हणतो, चूक माझीच, मी घाबरलो, हाक द्यायला उशीर केला. साहेबाने लिहून घेतलं. पास्कू माझ्याकडे बघून हसला. त्याला वाटलं, मी त्याची बाजू मांडली.

त्याला काढून टाकलं. मला चांगला शेरा मिळाला.

ठाण्यात बातमी त्याच्या आधी पोचलेली. दोन माणसं मारणारा म्हणून कोणी त्याला आपल्या होडीत घेईना. खाडीवर वाढलेला माणूस मिठागरात फावडं मारायला लागला. आणि ऐका, दर नाताळला तो खाडीची कोलंबी घेऊन डोंबिवलीला माझ्या दारात यायचा. साहेबाने ऐकलं नाही, तरी तू त्याच्यासमोर माझ्यासाठी बोललास, म्हणायचा. बायको सोलायची, मी खायचो. दोनदा वाढून घ्यायचो. आज ते आठवलं की शिसारी येते, पण तेव्हा नाही आली, हे खरं घाणेरडं.

पन्नासचं दशक संपत आलेलं, तेव्हा त्याने स्वतःची होडी बांधली. त्यांच्या घरची रीत अशी, पाद्र्याने पाणी शिंपडलं की पहिला नांगर मालक टाकत नाही, ज्याच्यावर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास तो टाकतो. त्याने मला बोलावलं. होडीवर चार माणसं लागणार होती, एकही तयार नव्हता. गावचा म्हातारा तांडेल, होड्यांवरचा म्होरक्या, सगळ्यांसमोर मला म्हणाला, तुम्ही शिकलेले, तुम्ही तिथे होता, सांगा, याचा कसूर होता का? नाही म्हणा, माझे दोन मुलगे आत्ता चढतात. पास्कू म्हणाला, सांग रे सदाभाऊ.

मी म्हणालो, झालं ते झालं, आता कशाला.

म्हातारा वळून चालू लागला, त्याच्यामागे सगळे. पास्कूने तरीही नांगर माझ्याच हातात दिला. आणि मी टाकला. तो मात्र अगदी वेळेवर पडला.

वर्षभरात होडी रेतीवाल्याला विकली. पास्कू मिठागरातच म्हातारा झाला, तिथेच गेला.

मागच्या महिन्यात त्याच्या मुलीकडे गेलो, फिलूकडे. तीही आता नातवंडांची आजी. ती मासे साफ करत बसलेली. सगळं सांगितलं. तिने सुरी थांबवली नाही. शेवटी म्हणाली, काका, मना कशाला सांगता? मना बाबा काय होता ते ठाव हाय. रविवारी चर्चमधली मिसा सुटली की देवळाच्या पायरीवर उभे राहा, तिथे सांगा. त्या तांडेलाचे नातू येतात.

उद्या रविवार. मी जाणार आहे, पण माझा मला भरवसा नाही. म्हणून हे तुम्हाला उतरवून घ्यायला लावलं. खाली मी सही करतो. तुम्ही कागद घेऊन शेजारी उभे राहा, आणि मी पुन्हा झालं ते झालं म्हणायला लागलो, तर मला गप्प करा आणि हे वाचा. एक शब्दही इकडचा तिकडे करू नका.