तीन वाजताची सावली

परभणीच्या स्टँडवर जिंतूरची गाडी अजून लागली नव्हती. सुकेशनीबाईंनी शाळेच्या वह्या तपासायला काढल्या होत्या, पण शेजारच्या बाकड्यावर बोरीचे दोघं गप्पांना बसले आणि लाल पेन हातातच राहिलं. एक तरणा योगीराज, दुसरे त्याचे मामा, माणिकराव.

“मामा, सोलरचा पंप बसला म्हणं तुमचा?”

“बसला की. लाइटीसाठी रातचं उठायचं झंगट गेलं एकदाचं.”

“मंग आता दिवसभर पाणी!”

“तीनपस्तोर. तीनला धाकट्याच्या कडुलिंबाची सावली पलेटींवर येती अन् मोटार बंद पडती.”

“मंग धाकल्या मामाला सांगा की, झाड तोड म्हणून.”

“सांगू कसं? बांधावरनं भांडलो तवापसून सा वर्सं बोलणं नव्हतं आमचं.”

“मी सांगू का?”

“नगं. त्यो सोताच आलता कुऱ्हाड घेऊन. म्हणला, दादा, तुझा गहू वाळायलाय, तोडून टाकतो.”

“बरं झालं की मंग!”

“मीच न्हाई म्हणलो.”

“आता काय म्हणावं तुमाला! अन् गव्हाचं?”

“पुढल्या साली एकरभर कमी पेरीन.”

“मामा, आसं काय हाय त्या झाडात?”

“काय न्हाई. मोटार बंद पडली की जाऊन बसतो सावलीला.”

“अन् धाकले मामा?”

“त्यो आधीच येऊन बसलेला आसतो. किटली अन् दोन कप घेऊन.”