सदरा दाराबाहेर

इटलीतल्या रेज्जो शहरातल्या सेंटच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे सांतीना आणि नुकताच निवृत्त झालेला तिचा नवरा कोझिमो उभे होते.

“सिन्योरा, उन्हाळ्यासाठी हे लिंबाचं बघा,” काउंटरवरची मुलगी सांतीनाला म्हणाली.

“छे! आत्ताच फरशी पुसल्यासारखं वाटतं.”

“मग संत्र्याचं?”

“फार गोड आहे. माश्या बसतील अंगावर.”

“हे आपल्या इथल्या बर्गमॉट फळाचं. मनगटावर लावू?”

“माझ्या नको. ह्याच्या सदऱ्यावर मार.”

“अगं, चाळीस वर्षं मी कारखान्यात बर्गमॉटच्या साली पिळून घरी आलो, की सदरा दाराबाहेर काढायला लावायचीस! वासानं डोकं उठतं म्हणायचीस!”

“गप्प उभा राहा. कॉलरवर मार गं, पोरी.”

सांतीनानं कॉलर नाकाशी धरली, ती सोडेचना.

“सिन्योरा, देऊ?”

“मोठी बाटली दे. आणि कोझिमो, आज सदरा दाराबाहेर काढलास तर बघ!”